कालवांना घरी धुरी द्यायची असेल तर

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा परदेशातून येताना धुरी दिलेल्या ऑयस्टरचे, म्हणजे कालवांचे, दोन डबे घेऊन आला, तेलात बुडवलेले. घरात सगळ्यांना ते फार आवडले. नाताळच्या सुट्टीत ही मंडळी मालवणला येणार आहेत. परत जाताना किलोभर कालवं न्यायची, घरी गॅसवर त्यांना धुरी द्यायची आणि तेलात घालून बाटल्या भरून ठेवायच्या, असा बेत आहे. लाकूड कोणतं घ्यायचं, धूर किती वेळ द्यायचा, किती महिने टिकतील आणि वाढायची कशाबरोबर, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, मी अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होतो आणि गेली चौदा वर्षं देवबागजवळ स्वतःची खानावळ चालवतोय. धुरी द्यायला जहाजावर शिकलो. कालवं मात्र लहानपणापासून घरचीच, आई खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, काढून आणायची. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत आणि चौथ्याचं उत्तर देताना मला आनंदच होईल. पण आधी तिसऱ्याबद्दल बोलायला हवं, कारण तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे आणि तो तसाच्या तसा करू नका असं मला कळकळीनं सांगायचंय.

तुम्ही खाल्लेला डबा धुरामुळे टिकलेला नव्हता, तेलामुळेही नव्हता. कारखान्यात कालवं शिजवतात, धुरी देतात, तेलासकट डब्यात घालून डबा हवाबंद करतात आणि मग तो बंद डबा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास ठरावीक वेळ तापवतात. त्या शेवटच्या पायरीमुळे तो वर्षानुवर्षं कपाटात राहतो. घरी आपण पहिल्या तीन गोष्टी करू शकतो, चौथी नाही. प्रेशर कुकरमध्ये बाटल्या ठेवून ती होईल असं वाटतं. पण बाटलीच्या मधोमध किती उष्णता किती वेळ पोचली हे मोजायचं साधन आपल्याकडे नसतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

तेलाचा धोका वेगळाच आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि त्याचं विष माणसाच्या नसांवर जातं. तेलात बुडवलं की कालवाला हवा लागत नाही, म्हणजे त्याला हवी तशीच जागा आपण तयार करून देतो. त्याची एक जात तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढते. वास, रंग, चव यांवरून काही कळेलच असं नाही. लोणचं तेलात टिकतं कारण त्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो. कालवांत तितकं मीठ घातलं तर ती खाता येणार नाहीत.

सुरुवातीला मीही पाहुण्यांना अशा बाटल्या देत असे. एका कुटुंबाला दिलेली बाटली त्यांच्या गाडीतच राहिली, दोन दिवस उन्हात. झाकण फुगलेलं दिसलं म्हणून त्यांनी फोटो पाठवला आणि विचारलं, "वरचं तेल काढून टाकून खाल्लं तर चालेल का?" चालणार नाही, बाटली न उघडता फेकून द्या, असं कळवलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. झाकण फुगलं नसतं तर त्यांनी विचारलंही नसतं. तेव्हापासून बाटली देणं बंद. माझ्याकडे धुरीची कालवं त्याच दिवशी पानात जातात, उरलेली फ्रिजमध्ये चार दिवस. त्याहून जास्त ठेवायची असतील तर डीप फ्रीझरमध्ये, तेलाशिवाय, छोट्या डब्यांत. फ्रीझरमधली मी दोन महिन्यांत संपवतो.

आता कालवांकडे येऊ. कालव समुद्राचं पाणी गाळून त्यातलं अन्न खातं. अमेरिकेतल्या मोठ्या जातीचं एक कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असं सांगतात. आपली कालवं लहान, त्यांचं प्रमाण कमी असेल, पण काम तेच. पाण्यात सांडपाणी असेल तर तेही त्याच्या पोटातून जातं आणि त्यातले जीवाणू, विषाणू मागे राहतात. म्हणून कालव कुठलं आहे हा प्रश्न धुरीच्या लाकडापेक्षा फार मोठा आहे. मुंबईच्या खाड्यांतली, बंदराच्या धक्क्यावरची, गटाराच्या तोंडाजवळची कालवं मी कोणालाच खाऊ देणार नाही. आणल्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली की साफ होतात असं म्हणतात. त्याने वाळू निघते, विषाणू निघत नाहीत. पावसाळ्यात तर नकोच. सगळी घाण खाडीत उतरते, पाणी गोडं होतं आणि कालवंही अंगाने मिळमिळीत असतात. तुम्ही डिसेंबरात येताय ते उत्तम. तेव्हा ती भरलेली असतात.

मालवणच्या बाजारात तुम्हाला बहुतेक फोडलेली, वाट्यावर विकायला ठेवलेली कालवं मिळतील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी लागते तेव्हा खडप जास्त उघडं पडतं आणि बाजारात माल चांगला येतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास ओहोटी लहान असते तेव्हा, कमी असतो आणि महाग. सुट्टीच्या तारखा ठरवताना कालनिर्णय बघून घ्या. विकणाऱ्या बाईला विचारा, आज काढली का, कुठल्या खडपावरची किंवा कुठल्या खाडीतली. ती सांगते. ओणवं राहून, धारदार शिंपल्यांनी बोटं कापून घेऊन एकेक कालव सोडवायचं काम तिने स्वतः केलेलं असतं, म्हणून भावावरून तिच्याशी घासाघीस करू नका. कालवं फुगीर, करड्या-मोतिया रंगाची आणि सुटं पाणी जवळजवळ स्वच्छ असावं. वास समुद्राचा यायला हवा. आंबूस किंवा अंड्यासारखा वास आला तर पुढे चला.

मालवण ते पुणे गाडीने आठ तास तरी धरा. कच्ची कालवं पिशवीत घालून नेऊ नका. मी सांगेन की जिथे उतराल तिथल्याच स्वयंपाकघरात ती उकळून घ्या, गार करा, डब्यात भरून बर्फाच्या पेटीत ठेवा. माझ्याकडून नेणाऱ्यांना मी असंच करून देतो. धुरी घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी दिली तरी चालते.

उकळणं ही पायरी अजिबात गाळायची नाही. धूर कालव शिजवत नाही. कढईत वरून सोनेरी झालेलं कालव आत कोमट असू शकतं. आपल्या कोमट समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जीवाणू असतातच, ते उष्णतेने मरतात. नोरोव्हायरस मात्र चिवट, साठ अंशांच्या थोडं वर गेलं तरी तग धरतो. म्हणून युरोपात शिंपल्यातल्या मांसाला आतपर्यंत ९० अंशांची उष्णता निदान ९० सेकंद द्यायची, अशी एक पद्धत नियमांतच घालून दिलेली आहे. मी तेवढं अंगवळणी पाडून घेतलंय. घरात कोणाला यकृताचा आजार असेल, मधुमेह असेल, कोणी गरोदर असेल, तर कमी शिजलेलं कालव त्यांच्यासाठी फार धोक्याचं. एक गोष्ट मात्र उकळूनही जात नाही. समुद्राच्या पाण्याचा रंग बदलतो, लालसर किंवा हिरवट पट्टे दिसतात, तेव्हा काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठू शकतं. असं पाणी दिसल्याची बातमी असेल तर पुढचे काही आठवडे कालवं, तिसऱ्या, शिणाणे असं शिंपल्यातलं काहीच घ्यायचं नाही.

उकळायची पद्धत अशी. फोडलेली कालवं त्यांच्याच पाण्यात बोटांनी हलक्या हाताने चाळवायची. शिंपल्याची कच खाली बसते. कालवं उचलून दुसऱ्या भांड्यात घ्यायची, असं दोनदा. ते पाणी सुती फडक्यातून गाळून पातेल्यात घ्यायचं, कमी वाटलं तर थोडं साधं पाणी घालायचं आणि खळखळ उकळी आली की कालवं सोडायची. पुन्हा उकळी फुटल्यापासून चार मिनिटं. कडांची झालर आखडते, अंग घट्ट होतं. काढून चाळणीत ठेवायची. उरलेलं पाणी टाकून देऊ नका, त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

आता मीठ. डब्यातल्या ऑयस्टरचा खारटपणा आतपर्यंत गेलेला असतो. त्यासाठी एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम गूळ विरघळवून गार केलेलं पाणी लागतं. मी त्यात पाच-सहा तिरफळं ठेचून टाकतो. अंगठ्याच्या पेराएवढी कालवं असतील तर वीस मिनिटं पुरे, त्याच्या दुप्पट असतील तर चाळीस. आपली खडपावरची कालवं मुळात खारट असतात, त्यामुळे एक चाखून बघा आणि मग वेळ ठरवा. इथे काट्यावरचं माप मी देऊ शकत नाही.

यापुढची पायरी लोक घाईने उरकतात आणि धुरी तिथेच बिघडते. कालवं वाळवायची. मिठाच्या पाण्यातून काढून फडक्यावर टिपायची आणि स्टीलच्या जाळीवर एकमेकांना न चिकटतील अशी मांडायची, पंख्याखाली तासभर किंवा फ्रिजमध्ये उघडी दोन-तीन तास. बोट लावलं तर ओलं लागू नये, किंचित चिकट लागावं. त्या चिकट पापुद्र्यावर धूर बसतो. ओल्या अंगावर धूर पाण्यात विरघळतो, त्याचे काळपट ओघळ होतात आणि चव आंबट-कडू येते. माझ्या पहिल्या दोन्ही खेपा अशाच गेल्या. आमच्याकडे हवा दमट, मला दोन-दोन तास पंखा लावावा लागतो. पुण्यात डिसेंबरात चाळीस-पन्नास मिनिटांत काम होईल. जास्त वाळवलीत तर रबरासारखी होतील, म्हणून मध्ये बघत राहा.

लाकडाचं बोलू. पॅसिफिकच्या अमेरिकन किनाऱ्यावर आल्डर नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात, त्याचा धूर सौम्य. आपल्याकडे मला पेरूचं सर्वांत आवडतं, त्यानंतर बाभळीचं. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, रंग, पॉलिश, प्लायवूड काही नको. काजूची टरफलं चुकूनही नाहीत, त्यांच्यातलं तेल कातडी भाजून काढतं आणि त्याचा धूर डोळ्या-घशाला लागतो. करवंटी चटकन मिळते म्हणून लोक वापरतात. पण ती भडकून जळते, तिचा धूर तेलकट, त्याने कालवाला काजळीची चव येते.

पण ताई, तुम्ही फ्लॅटमध्ये गॅसवर करणार. तिथे लाकूड विसरा. चहा, तांदूळ आणि गूळ घ्या. चीनमध्ये बदकाला अशीच चहाची धुरी देतात आणि कालवाला ती लाकडापेक्षाही शोभते, असं माझं मत आहे. जुनी लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक नको, कोरडी तापली की तिच्या थराचे वाईट वायू निघतात. तळाला फॉइलचे दोन थर अंथरा. त्यावर दोन मोठे चमचे तांदूळ, दोन चमचे चहा, एक चमचा किसलेला गूळ पसरा. बोटाएवढी उंची राहील अशी स्टीलची जाळी वर ठेवायची. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको. कालवांना तेलाचं बोट फिरवा आणि ताटात तयार ठेवा. आच मोठी करा. आधी गुळाचा वास येईल, मग तांदूळ तडतडतील, मग पांढऱ्या धुराची एक रेघ उठेल. ती रेघ दाट झाली की कालवं जाळीवर मांडा, झाकण ठेवा, कडेला ओल्या कणकेची वळी लावून बंद करा आणि आच मंद करा. लहान कालवांना दहा ते बारा मिनिटं. मग गॅस बंद, पण झाकण आणखी दहा मिनिटं उघडायचं नाही. आतला धूर त्या वेळात शांतपणे कालवांवर उतरतो.

झाकण काढल्यावर रंग बघा. मधासारखा असेल तर नेमकं झालं. काकवीसारखा गडद असेल तर जरा जास्त, पण खाण्यासारखं. काळा ठिपका दिसला तर तेवढं कालव बाजूला काढा. तळाचा गूळ कोळसा झाला की धूर पिवळा आणि कडवट होतो, म्हणून वेळ वाढवण्यापेक्षा फॉइल बदलून दुसरी धुरी द्या. खिडक्या उघड्या ठेवा, चिमणी चालू ठेवा. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून धुरी द्यायचा विचार अजिबात नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणसं झोपेत जातात.

अंगण असलेल्यांसाठी थोडक्यात. मी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची भट्टी केलीय. डबा आधी बाहेर विस्तव करून नीट जाळून घेतला, म्हणजे वरचा रंग गेला. खाली चार भोकं, तळाला निखाऱ्यांवर पेरूच्या ढलप्या, वर स्टीलच्या दोन जाळ्या, झाकणातून खाली सोडलेला थर्मामीटर. ८० ते ९० अंशांत ठेवून तास-सव्वा तास. पहिल्या पाच मिनिटांचा दाट धूर बाहेर जाऊ देतो, निळसर पातळ धूर सुरू झाला की कालवं आत.

आता वाढायचं. डब्यातली कालवं खारट बिस्किटावर ठेवून खातात, तुमच्या मुलाने तशीच खाल्ली असतील. घरच्या धुरीच्या कालवांना त्यापेक्षा चांगली जागा देता येते. माझ्या खानावळीत ती अशी जातात: बारीक चिरलेला पांढरा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), चमचाभर खोबरेल, त्यात कोमट कालवं टाकायची आणि हाताने एकदाच वरखाली करायची. सोबत गरम तांदळाची भाकरी. आगळाचा आंबटपणा धुराला कापतो, म्हणून जीभ थकत नाही. लिंबू चालतं, पण आगळात जो खोलपणा आहे तो लिंबात नाही. आगळ मुळात खारट, तेव्हा वरून मीठ घालू नका.

घावण्यांबरोबर देताना मी कांदा गाळतो आणि ओलं खोबरं, तिरफळ, लाल मिरची यांची जाडसर चटणी करतो. घावणा, त्यावर चटणीचं बोट, त्यावर दोन कालवं. सकाळी नाश्त्याला हे दिलं की लोक दुपारच्या जेवणाची वेळ पुढे ढकलतात. गोव्याकडचा पाव मिळाला तर मधून कापून, लोणी लावून तव्यावर भाजा, आत कालवं आणि कांद्याच्या चकत्या भरा. मुलांना चक्क्यात बारीक चिरलेली कालवं, मिरपूड आणि कांद्याची पात घालून केलेलं मिश्रण ब्रेडवर लावायला आवडतं. तुमच्या घरी मासळीबरोबर दूधदही चालत नसेल तर चक्क्याऐवजी उकडलेला बटाटा कुस्करून घ्या, तोही तितकाच छान लागतो.

धुरीची कालवं रश्श्यात घालू नका. आमच्या कालवांच्या आमटीला वाटण लागतं, गरम मसाला लागतो, त्यात ही सगळी मेहनत हरवून जाते. आमटी ताज्या कालवांचीच करा. मात्र ते राखून ठेवलेलं उकळीचं पाणी त्याच दिवशी भाताला वापरा. दोन वाट्या सुरती कोलम, त्या पाण्यात साधं पाणी मिसळून, एक तमालपत्र, मीठ अगदी बेताने. भात मोकळा झाला की वरून धुरीची कालवं पसरा, पाच मिनिटं झाकण. सोबत सोलकढी.

माझी आई आज ऐंशीच्या घरात आहे. धुरीची कालवं पहिल्यांदा तिला दिली तेव्हा तिने एक तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "आमच्या चुलीवरच्या माळ्याचो वास येता ह्येका." त्या माळ्यावर पावसाळ्यासाठी सुकी मासळी ठेवलेली असायची, खाली चुलीचा धूर दिवसभर. मी हे जहाजावर शिकलो असं समजत होतो.

तुम्ही पहिल्या खेपेला पाव किलोच करा. उकळणं, वाळवणं, धुरी, सगळं एका दुपारी होतं. आणि इकडे येण्याआधी दोन दिवस कळवलंत तर ओहोटीची वेळ सांगतो, सकाळी खडपावर आईच्या जुन्या मैत्रिणी कालवं काढत असतात, त्यांच्याकडूनच थेट घेता येतील.